गंधरस आणि हिराबोळ

नाताळच्या संवादात तिसरा मागी जो गंधरस आणतो, तोच आजीबाईंच्या बटव्यातील हिराबोळ, हे सांगितले म्हणजे विद्यार्थ्यांस नवल वाटते. अरबस्तान व सोमालिया येथील काटेरी झुडपाचा हा डिंक. निर्गमाच्या ३० व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलासाठी तो ५०० शेकेल घ्यावयास सांगितला आहे. हिरड्या सुजल्यास त्याच्या अर्काने चूळ भरावी, यास आमची हरकत नाही. काळाबोळ मात्र निराळा. तो कोरफडीचा आटविलेला रस, जालीम रेचक. झरीसारख्या गावी, नावाच्या साम्याने म्हणा वा जुन्या चालीने म्हणा, कोणी तो तान्ह्या मुलास चाटवील, तर ते आम्हांस मुळीच पसंत नाही. पोटावर लेप लावणे वेगळे. वाफेने काढलेले गंधरसाचे तेल तर गरोदर स्त्रीने पोटात घेऊच नये, मग ते कितीही पवित्र म्हणून विकले जावो.