डी.डी.टी.ची गोष्ट आणि आपला फड



आपल्यातील वयस्कर मंडळींना आठवत असेल, डी.डी.टी. फवारणारे पथक गावात आले की भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण सारे अंगणात काढावे लागे. भिंतींवर फवारा बसला की डास गारद! लोक म्हणत, "काय औषध काढलंय गड्या!" आणि त्यात काही खोटे नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये १९३९ साली पॉल म्युलर यांनी या पावडरीचा कीटक मारण्याचा गुण शोधून काढला. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ पासून हिवतापाविरुद्ध मोहीम निघाली. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटींच्या घरात असलेले रुग्ण १९६५ पर्यंत लाखभरावर आले. विज्ञानाचे हे उपकार नाकारणारा करंटाच म्हणावा लागेल.

परंतु त्या काळी कौतुकाला धरबंद राहिला नाही. १९४७ सालच्या एका अमेरिकन जाहिरातीत तर गाय, कोंबडी, बटाटा आणि गृहिणी डी.डी.टी.चे गुणगान गाताना दाखविली होती! किती मारावी आणि कुठे थांबावे, हे सांगणाऱ्यांचा आवाज त्या गलक्यात बुडून गेला.

व्हायचे ते झालेच. फवारणीतून जी थोडी कीड वाचते, तिचीच पिलावळ पुढे वाढते आणि मग तिला औषध लागू पडत नाही. शिवाय ही पावडर लवकर विरत नाही. ती चरबीत साठते, किड्यातून माशात आणि माशातून पक्ष्यात जाते. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ पडू लागली. रेचेल कार्सन या विदुषीने १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात हा धोका मांडला. औषधे कधीच वापरू नका, असे बाईंचे म्हणणे नव्हते. आंधळेपणाने वापरू नका, एवढेच होते. अमेरिकेत १९७२ साली शेतीतील डी.डी.टी. बंद झाली, आपल्याकडे १९८९ साली. दरम्यान डास निर्ढावले, मोहिमेतही ढिलाई आली आणि १९७६ साली भारतात हिवतापाचे रुग्ण ६४ लाखांवर गेले.

ही जुनी गोष्ट आज कशाला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, डी.डी.टी. गेली, पण ती सवय गेली नाही. हुमणी दिसली की दुकान गाठायचे, दुकानदार देईल ते आणायचे आणि "जरा जास्तच टाकू, काय बिघडतंय?" म्हणून दुप्पट ओतायचे! त्यात पैसा जातो, जमीन बिघडते, मित्रकीटक मरतात आणि हुमणी पुन्हा हजर.

वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. मात्र एकट्याने हे करून भागत नाही. शेजारच्या बांधावरचे भुंगेरे तसेच राहिले, तर आपल्या फडाला ते चुकत नाहीत. साऱ्या शिवाराने एकदम उठावयास हवे. खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड आहेतच. एवढे करूनही औषधाची वेळ आली, तर शिफारशीइतकेच घ्यावे, डब्यावरचे लेबल वाचावे आणि नाकातोंडाला फडके बांधल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये.

उद्या आणखी नवी औषधे, नवी यंत्रे येतील. ती जरूर घ्यावीत. पण प्रमाण किती आणि परिणाम काय, हे दोन प्रश्न आधी विचारावेत, एवढेच आमचे सांगणे आहे. यंदा वळवाची वाट पाहू नका. गावोगावच्या सभासदांनी आजच बैठक घेऊन भुंगेरे गोळा करण्याची तयारी करावी, ही विनंती.