कारपेटखालची करकर

अमेरिकेच्या उपनगरांत उभ्या राहणाऱ्या नव्या दुमजली घरांमध्ये वरच्या मजल्याची जमीन वर्ष-दोन वर्षांतच करकरू लागते. तक्रार केली की ‘लाकूड आहे, वाजणारच’ असे सांगून बिल्डरचा माणूस मोकळा होतो. हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेण्याचे कारण नाही. लाकूड आपणहून वाजत नाही. सैल राहिलेल्या दोन वस्तू एकमेकींवर घासतात तेव्हा ते वाजते, आणि त्या सैल राहू नयेत हे पाहणे घर बांधणाऱ्याचे काम आहे.

या घरांच्या वरच्या मजल्याला आपल्याकडच्यासारखा काँक्रीटचा स्लॅब नसतो. साधारण 16 इंचांवर एक अशा लाकडी तुळ्या, म्हणजे जॉइस्ट, त्यांवर लाकडाच्या चिपा दाबून केलेले ओएसबीचे तक्ते आणि वर कारपेट. जॉइस्टच्या लाकडावर ‘कोरडे’ असा शिक्का असला तरी त्यात 19 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. घरातले हीटिंग सुरू झाले की पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत तो बराच खाली येतो. लाकूड आकसते, तक्ता आणि जॉइस्ट यांच्यात केसभर फट पडते, आणि वर पाऊल पडताच तक्ता खिळ्याच्या दांडीवर वरखाली सरकतो. कधी नेलगनने घाईत मारलेला खिळा जॉइस्टला चुकून त्याच्या बाजूने खाली उतरलेला असतो. मग तो प्रत्येक पावलाला जॉइस्टच्या अंगाला घासत राहतो.

यावरचा उपाय प्रत्येक सुताराला माहीत असतो. जॉइस्टवर बांधकामाच्या गोंदाची सलग रेघ ओढायची, तिच्यावर साय धरण्याआधी तक्ता बसवायचा आणि गुळगुळीत खिळ्यांऐवजी स्क्रू किंवा कडी-कडीचे खिळे वापरायचे. लाकूड फुगते तेव्हा तक्ते एकमेकांना भिडू नयेत म्हणून त्यांच्या कडांमध्ये पाव इंचाच्या निम्मी फट ठेवायची. चुकलेला खिळा दिसला की तिथल्या तिथे काढायचा. घराच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. तरी गोंद आखडता घेतला जातो, कारण वर कारपेट आणि खाली छताचे ड्रायवॉल लागले की कुणाला काही दिसत नाही.

ज्यांना ही करकर क्षुल्लक वाटते त्यांनी अशा घरात तान्हे मूल निजवून पाहावे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये मुलाकडे सहा महिने राहायला आलेले आई-वडील बहुधा वरच्याच खोलीत झोपतात. रात्री बाथरूमला जाताना नातू उठेल म्हणून ते अंधारात भिंत धरून, जिथे वाजत नाही तिथे पाय ठेवत चालतात. सत्तरीच्या माणसाने असे चालणे धोक्याचे आहे. कर्ज काढून घेतलेल्या नव्या घरात कुणावर ही पाळी यावी, हे आम्हाला संतापजनक वाटते.

खरी मेख वॉरंटीत आहे. तिथल्या बहुतेक नव्या घरांना कारागिरीच्या दोषांसाठी एकच वर्षाची हमी मिळते; मोठ्या रचनादोषांसाठी ती दहा वर्षांपर्यंत असते, पण करकर त्यात बसत नाही. लाकूड वाळायला दुसरा हिवाळा लागला, तर जमीन बोलू लागते तेव्हा हमी संपलेली असते. आपल्याकडे 2016 च्या रेरा कायद्याने ताब्यापासून 5 वर्षे धरली आहेत. त्या मुदतीत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. अंमलबजावणीसाठी इथेही भांडावे लागते, हे खरे. पण भांडायला कलम तरी हातात आहे. लाकडाच्या घरांना निदान दोन पूर्ण हिवाळ्यांची हमी मिळालीच पाहिजे.

तोवर घेणाऱ्याने ड्रायवॉल लागण्यापूर्वीची पाहणी सोडू नये. त्या दिवशी खाली उभे राहून वर पाहिले की जॉइस्टच्या बाजूने डोकावणारे चुकार खिळे उघड दिसतात. कारपेट अंथरण्याआधी वरच्या प्रत्येक खोलीत चालून पाहावे आणि जिथे वाजते तिथे स्क्रू मारून घ्यावेत. तेव्हा हे काम एका सुताराचे काही तासांचे असते. राहायला गेल्यानंतर कारपेटमधून मारून डोके मोडून टाकायचे खास स्क्रू मिळतात आणि ते बऱ्यापैकी काम करतात. मात्र आधी जॉइस्ट नेमका शोधावा लागतो, आणि खालून विजेच्या तारा व पाण्याचे नळ गेलेले असू शकतात, त्यामुळे हवा तेवढा लांब स्क्रू घुसवणे घातक ठरते. हमीच्या अकराव्या महिन्यात वरचा मजला पुन्हा पायाखाली घालावा, वाजणाऱ्या जागांवर टेप चिकटवून फोटो काढावेत आणि यादी बिल्डरला लेखी पाठवावी. फोनवरच्या आश्वासनावर थांबू नये. हमी संपण्याआधी तक्रार केली होती, हे दाखवायला कागदच लागतो.