स्वस्तातले रोपघर : काटकसर कुठे करावी?



मिरची-टोमॅटोची रोपे घरीच करावीत, त्यासाठी परसात दहा बाय वीस फुटांचे छोटेसे हरितगृह उभारावे, असे तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात असते. खर्चाचा आकडा ऐकला की विचार तिथेच थांबतो. तो थांबू देऊ नका. सांगाडा स्वस्तात होतो. मात्र वरच्या कागदावर काटकसर करायला जाल, तर फसाल. आमचे हात यातच पोळले आहेत.

पहिल्या वर्षी आम्ही बाजारातून साधाच प्लॅस्टिकचा कागद आणला, खळ्यावरच्या धान्यावर टाकतात तसला. संक्रांतीला ताणून बसवला आणि मेमध्ये तो हाताला पापडासारखा मोडू लागला. वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात त्याच्या चिंध्या झाल्या. खालची रोपे झोडपली गेली, लागण तोंडावर आली होती, म्हणून शेवटी रोपे विकत आणली. वाचवलेले पैसे दुपटीने गेले, घरच्यांचे बोलणे ऐकले ते वेगळेच!

उन्हातले अतिनील किरण साध्या प्लॅस्टिकला ठिसूळ करतात. हरितगृहाच्या कागदात ते किरण सोसणारे द्रव्य मिसळलेले असते. दुकानदार त्याला ‘यूव्ही’चा कागद म्हणतात. २०० मायक्रॉन जाडीचा घ्यावा. नीट बसवला तर साधारण तीन वर्षे टिकतो. डोळ्यांना दोन्ही कागद सारखेच दिसतात, म्हणून ‘यूव्ही’ आणि मायक्रॉन हे दोन्ही पावतीवर लिहून घ्या.

हा कागद फक्त छतालाच लावा. चारी बाजूंनी कागद लावला तर आत भट्टी होते. आपल्याकडे रोपांना थंडीपेक्षा ऊनच जास्त जाचते. बाजूंना ४० मेशची कीडरोधक जाळी लावा. टोमॅटोची पाने आकसवणारा विषाणू पांढरी माशी घेऊन येते, तिला या जाळीने बराच अटकाव होतो. फुलकिडे बारीक असतात, ते मात्र आत शिरतात. त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. उन्हाळ्यात कागद गुंडाळून ठेवून छतावर ५० टक्क्यांची शेडनेट टाकावी. कागदाचे आयुष्यही त्याने वाढते.

आता सांगाडा. लोखंडी पाइप उत्तमच, पण एवढ्याशा रोपघराला बांबू पुरतो. कोकणातला माणगा किंवा विदर्भातला मानवेल, असा भरीव बांबू निवडा. तीन वर्षांच्या आतला कोवळा घेऊ नका, त्याला भुंगा लवकर लागतो. जमिनीत जाणारा भाग डांबराने माखून वाळवा, म्हणजे वाळवी लांब राहील. खिळे ठोकले की बांबू चिरतो. भोक पाडून बोल्ट घाला, नाहीतर तारेने आवळून बांधा. छताला उतार हवाच. सपाट छतावर पावसाचे पाणी साचून झोळ पडतो आणि एका रात्रीत सगळे खाली येते.

तारेची टोके आत वळवा. बांबूच्या गाठी तासून घ्या आणि कागद जिथे जिथे टेकतो तिथे जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळा. ठिबकच्या टाकाऊ नळ्या उभ्या चिरल्या की कागद धरून ठेवायला छान चाप होतात.

आणि एक. आत गंधक फवारताना कागदावर उडू देऊ नका. यूव्हीचा चांगला कागदही त्याने लवकर खराब होतो.