फुलांची भाषा

आमच्या नाशिक शहरास मोगलांच्या अमदानीत गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचे गाव, असे म्हणत. अशा गावच्या मुलामुलींनी फुलांची भाषा परक्या याद्यांवरून शिकावी, याचे आम्हांस नवल वाटते. तांबडा गुलाब म्हणजे प्रीती, पिवळा म्हणजे मत्सर, अशा याद्यांची गोडी युरोपास लावली ती विशेषेकरून १८१९ साली शार्लोत द लातूर या टोपणनावाने पॅरिसमध्ये निघालेल्या पुस्तकाने. त्या मनोरंजक आहेत खऱ्या. परंतु फुलाचा अर्थ यादीत नसून देणाराच्या वर्तनात असतो, असे आमचे मत आहे.

झेंडूच पाहा. तो मूळचा मेक्सिकोकडील. तेथे तो मृतांच्या स्मरणार्थ वाहतात. येथे त्याच्या तोरणावाचून दसरा साजरा होत नाही. फूल एकच, अर्थ मात्र माणसांनी दिलेला. प्राजक्ताची पुराणकथा याहून मार्मिक आहे. सत्यभामेने हट्टाने झाड आपल्या अंगणी लावून घेतले. फुले पडली ती रुक्मिणीच्या दारी. हट्टाने झाड मिळते, प्रीती मिळत नाही, हाच तिचा बोध नव्हे काय?

आमची निवड विचाराल तर ती बकुळीची. हे फूल सुकले तरी त्याचा वास जात नाही. फुलांचे व मुलांचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, नाशिकजवळच्या जलालपूरच्या माहेरवाशीण, त्यांच्यापासून दुरावल्या. त्या ताटातुटीची वर्षे फार कष्टाची गेली. पुढे संसार पुन्हा जुळला, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली वारले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला १९३४ साली. त्यात रुसवे आहेत, भांडणे आहेत, विनोद आहे. आणि पंधरा वर्षांनंतरही न उडालेला सुगंध आहे. बकुळीचा अर्थ याहून स्पष्ट कोणते पुस्तक सांगेल?

विद्यार्थ्यांनो, फूल देणे सोपे आहे. ते कोमेजल्यावर दिल्या शब्दास जागणे कठीण. पालकांसही आमची विनंती आहे की, प्रीतीचा विषय घरात निषिद्ध मानून तो बाजारच्या महागड्या गुच्छांवर सोपवू नये. प्रभूने आपल्या शिष्यांचे लक्ष वेधले, ते विकत मिळणाऱ्या फुलाकडे नव्हे, रानातल्या भूकमळांकडे.