समानार्थी शब्दांचा काळोख

'अंधार, काळोख, तिमिर, तम' ही चौकडी शालेय व्याकरणात समानार्थी शब्द म्हणून एका ओळीत बसवली जाते आणि एम.ए.च्या वर्गापर्यंत तशीच बसून राहते. इंग्रजीतल्या 'डार्क', 'डिम', 'डस्क', 'ग्लूम' यांतला भेद न कळणे हे अडाणीपणाचे लक्षण मानणारे आपणच अनुवाद करताना या चौघांवर एकच 'अंधार' लोटून मोकळे होतो. मराठीला छटाच नाहीत, हा निष्कर्ष मग आयता हाती येतो. आमचा आक्षेप या आळसाला आहे.

'अंधार' हा 'अंधकारा'तून आलेला. आंधळे करणारा, म्हणजे डोळ्याशी बांधलेला. 'काळोखा'त 'काळा' आहे. तो रंगाचा शब्द. 'तिमिर' हे आयुर्वेदात एका नेत्रविकाराचे नाव. पसायदानात ज्ञानदेव दुरिताला तिमिराची जोड देतात, तेव्हा दृष्टीच बिघडल्याचे सूचन त्यात का वाचू नये? 'तम' तर सांख्यांच्या त्रिगुणांतला. जडत्व हा त्याचा गाभा.

हे केवळ कोशातले भेद नव्हेत. वेरूळच्या 15 आणि 29 क्रमांकांच्या लेण्यांत अंधकासुरवध कोरलेला आहे. शिवपुराणातील कथेत पार्वती थट्टेने शिवाचे डोळे झाकते, जग अंधारते आणि त्यातून अंधक जन्मतो: आंधळा आणि काळा. अंधार आणि काळोख इथे एका देहात भेटतात. भेटतात, कारण ते मुळात दोन आहेत.

त्याच पश्चिमाभिमुख डोंगरात शब्द पारखून पाहावेत. कैलास लेणे वरून खाली कोरलेले, माथ्यावर आकाश उघडे. त्याच्या प्रांगणात असते ती सावली. दहाव्या लेण्यातील चैत्यगृहात वरच्या गवाक्षातून उजेड येतो, स्तूपापुढचा बुद्ध दिसतो. तिथले वातावरण अंधूक, म्हणजेच 'डिम'. कैलासाच्या गर्भगृहात शिरताना जो दाटतो, तो काळोख. या तिन्हींना 'अंधार' म्हणणाऱ्याने लेणी पाहिली असे कसे म्हणावे?

यावर उत्तर ठरलेले असते: लोक कुठे एवढा भेद करतात? कोकणात सहज 'काळोख पडला' म्हणतात, मराठवाड्यात 'अंधार पडला'. खरे आहे. पण बोलीभेदाने शब्दांची अदलाबदल होते, ती काही संदर्भांपुरतीच. म्हणून परीक्षेतला 'समानार्थी शब्द लिहा' हा प्रश्न बाद करून त्या जागी दुसरा विचारावा: 'अंधारकोठडी'ची 'काळोखकोठडी' का होत नाही, आणि 'तमोगुणा'चा 'अंधारगुण' का होत नाही? याचे उत्तर शोधणारा विद्यार्थी पाठांतर करून निभावू शकणार नाही. शिक्षकही नाही.