खुंटी, वलणी आणि बासन

मध्यंतरी कोथरूडच्या घरात एक लहानशी खोली केवळ कपड्यांसाठी ठेवायचे ठरले, आणि फळ्यांची मापे घेता घेता सुताराने विचारले, "दारं लावायची, की उघडंच ठेवायचं?" प्रश्न साधा होता, घरात मात्र त्यावर तीन दिवस वाद झाला. मुलीचे म्हणणे, जे दिसत नाही ते अंगावर चढत नाही. माझे म्हणणे, जे दिसते ते धुळीने भरते. पुण्याचा उन्हाळा ज्याने खिडक्या उघड्या टाकून काढला आहे, त्याला यावर पुरावा मागावा लागणार नाही.

भाषेला विचारावे, तर ती दोघांचीही बाजू घेत नाही. एखादे काम आपण 'खुंटीला टांगतो' तेव्हा ते सोडून दिलेले असते, आणि 'बासनात गुंडाळतो' तेव्हाही सोडूनच दिलेले असते. उघड्यावर ठेवा की झाकून, विसर ठरलेलाच. तिसरी जागा वेशीची. पण तिथे लक्तरेच टांगली जातात.

पेठांतल्या वाड्यांत दोन्ही सोयी होत्या. भिंतीत उघडे कोनाडे आणि खुंट्या, शेजारीच दारांचे फडताळ, कोपऱ्यात पेटी, आणि आढ्याला टांगलेली वलणी. वाड्यांवरच्या स्मरणरंजनात हा मोकळेपणा फार कौतुकाने येतो. मला तो तितकासा मोकळा वाटत नाही. सर्वांत उंच आणि सर्वांत उघडे काय असे? सोवळे. ते काठीने वर टाकायचे, काठीनेच काढायचे. सगळ्यांनी पाहायचे आणि कोणी शिवायचे नाही. त्याच घरात बायकांचे आतले कपडे मात्र दुसऱ्या लुगड्याखाली, अंधाऱ्या बोळात वाळत. म्हणजे काय उघडे राहील आणि काय झाकले जाईल, हे जागेच्या सोयीने ठरत नव्हते. घरातल्या उतरंडीने ठरत होते. 'उघडी मांडणी' म्हणजे प्रामाणिक राहणी, असे हल्ली सजावटीच्या पानांवर सुचवले जाते, तेव्हा मला ती काठी आठवते.

उघड्या मांडणीचे खरे समर्थन मला नाटकाच्या रंगपटात दिसते. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले. तिथे काय किंवा तालुक्याच्या गावच्या मांडवात काय, नटाचे कपडे प्रवेशांच्या क्रमाने समोर टांगलेलेच हवेत. दोन प्रवेशांमधल्या अंधारात पेटी उपसत बसायला कोणाला सवड असते? पण प्रयोग संपला की तेच कपडे घडी होऊन ट्रंकेत जातात. उघडेपणा कामापुरता, तेवढ्या वेळेपुरता. शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयातही वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी थोड्याच मांडलेल्या असतात. उरलेल्या बंद दारांमागे. कापडाला उजेड सोसत नाही, आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणूनच जुन्या वस्त्रांवरचा उजेड पन्नास लक्सच्या आसपास राखण्याचा संग्रहालयांचा दंडक आहे.

इथवर माझाच पक्ष बळकट होत होता. मग आईची पैठणी काढली. ती वीस वर्षे मलमलीच्या तुकड्यात, लोखंडी कपाटाच्या तळाशी होती. ना धूळ, ना ऊन, ना कसर. हातात घेतली आणि घडीच्या रेघेवर रेशीम फाटत गेले, अगदी आवाज न होता. आईने ती 'प्रसंगाला' ठेवली होती. प्रत्येक प्रसंग तिला पैठणीपेक्षा लहान वाटत गेला असावा. माझ्या आठवणीत ती नेसलेली आई दोनदाच आहे. बंद दाराने तिला उन्हापासून वाचवले खरे. पण घडी बदलायला कोणी हात लावील, याचीही शक्यता त्यानेच संपवली. अर्थात दोष दाराचा नव्हे, ते न उघडणाऱ्या आम्हा भावंडांचा.

तरीही दारे लावूनच घेतली. मुलीच्या बाजूचा एक कप्पा उघडा राहिला. तिचे रोजचे कपडे रोजच धुतले जातात, तिथे धुळीला बसायला फुरसत नाही. पैठणीची घडी मोडून ती आता कापडदुकानातून मागून आणलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर, जुन्या धोतराचे अस्तर देऊन गुंडाळली आहे. नळी जवळजवळ चार फुटांची, कप्पा तीन फुटांचा. मधली उभी फळी काढावी लागली. सुताराने ती खांद्यावर टाकून नेली. तिचे पैसे मात्र हिशेबातून वजा केले नाहीत.