पुतळे दोन, विस्मरण एक

लोककलावंत हयात असताना त्याच्यावर बंदी घालावयाची आणि तो निधन पावला की त्याचा पुतळा उभारावयाचा, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. आयरिश लोकगायक ल्यूक केली याच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या. १९६७ साली त्याच्या ‘डब्लिनर्स’ या गायकसंचाचे गाणे आयर्लंडच्या सरकारी नभोवाणीने निषिद्ध ठरविले. ३० जानेवारी २०१९ रोजी, त्याच्या पस्तिसाव्या स्मृतिदिनी, डब्लिनमध्ये त्याचे एक सोडून दोन पुतळे उभे राहिले. अनावरण करणारे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स हे मजूर पक्षाचे जुने नेते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पुतळ्याभोवतीच्या अर्थव्यवस्थेचा.

ल्यूकचा जन्म १९४० साली शेरिफ स्ट्रीट या गोदी कामगारांच्या वस्तीत झाला. वडील बिस्किटांच्या कारखान्यात कामगार होते. तेराव्या वर्षी ल्यूकची शाळा सुटली. पुढे पोटासाठी तो इंग्लंडला गेला. तेथे वुल्व्हरहॅम्प्टन येथे बांधकामावर असताना त्याने मजुरीत वाढ मागितली आणि मालकाने त्याला काढून टाकले. याच इंग्लंडमध्ये तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला आणि इवान मॅकॉल यांच्या परंपरेतील श्रमिकांची गाणी शिकला. कॅनडातील स्प्रिंगहिलच्या खाणीत १९५८ साली गाडल्या गेलेल्या मजुरांचे गाणे आणि अमेरिकेत १९१५ साली देहदंड भोगलेल्या जो हिल या कामगार कवीचे गाणे त्याने तितक्याच आत्मीयतेने गायिले.

‘त्याचा आवाज अमर आहे, राजकारण ही तारुण्यातील लहर होती,’ असे काही रसिक म्हणतात. हा युक्तिवाद सोयीचा आहे, खरा नाही. ज्याला मजुरी मागितल्याबद्दल हाकलले गेले, त्याचे राजकारण पुस्तकातून आलेले नव्हते. ते त्याच्या आवाजातून वेगळे काढले, तर उरते ते केवळ पर्यटकांचे मनोरंजन.

आणि नेमके तेच घडत आहे. कंटेनर आले आणि गोदी कामगारांचे हात रिकामे झाले. १९८७ साली त्याच गोदीच्या जागेवर आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र स्थापन झाले व तेथील कंपन्यांना नफ्यावर अवघा १० टक्के कर लावण्यात आला. भांडवलाला सवलत आणि कामगाराला स्मारक, अशी ही वाटणी! शेरिफ स्ट्रीटवरील पुतळ्यापासून हे वित्तकेंद्र चार पावलांवर आहे.

१९८४ साली, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी मेंदूतील गाठीने ल्यूकचा अंत झाला. त्याचे खरे स्मारक ब्राँझचे वा संगमरवराचे असू शकत नाही. मजुरीची मागणी करणाऱ्याला आजही कामावरून काढले जाते. त्याच्या बाजूने जेथे गाणे उठेल, तेथेच ते स्मारक उभे राहील. पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. कार्यकर्त्यांनी हे अवघड काम पत्करले पाहिजे.